महिला टेनिसपटूचा खेळ वहीत कसा उतरवावा

टेनिसचा सामना पाहून आलेल्या माणसाला ‘कशी खेळते ती?’ असं विचारलं की उत्तर जवळपास ठरलेलं असतं: ‘फोरहँड जबरदस्त आहे.’ हे उत्तर खोटं नसतं, पण त्याचा कोणाला उपयोगही नसतो. तिच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी कोर्टवर उतरणाऱ्या मुलीचे प्रश्न वेगळे असतात. ३०-३० झाल्यावर ती सर्व्ह कुठे टाकते? बॅकहँडला उंच बॉल आला तर मागे सरकते की जागेवरूनच घेते? समोरचीची दुसरी सर्व्ह हळू पडली तर पुढे येऊन तुटून पडते, की नुसता बॉल परत घालते?

ही उत्तरं काढायला ना महागडा कॅमेरा लागतो ना सॉफ्टवेअर. एक वही, एक पेन्सिल आणि दोन सेट मन लावून बसण्याची तयारी एवढं पुरतं. टेनिस शिकणाऱ्या मुलींचे पालक, नव्याने कोचिंगला लागलेले तरुण आणि क्रीडा पानावर लिहू पाहणारे, या तिघांसाठी ही पद्धत आहे.

आधी कारकीर्द, मग सामना

सामन्याच्या आदल्या रात्री अर्धा तास खेळाडूच्या निकालांवर घालवा. नुसता क्रमांक पाहून काही कळत नाही. महिलांची क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांतल्या गुणांवर ठरते, त्यामुळे १८० वा क्रमांक एकाच मोठ्या आठवड्यातून आलेला असू शकतो किंवा वर्षभर छोट्या स्पर्धांत घाम गाळून मिळवलेलाही असू शकतो. या दोन खेळाडू सामन्यात अगदी वेगळ्या वागतात.

स्पर्धांची उतरंड लक्षात ठेवायला सोपी आहे. तळाशी आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) डब्ल्यू १५ आणि डब्ल्यू ३५, मग ५०, ७५ आणि १००. त्यावर डब्ल्यूटीए (महिला टेनिसपटूंची व्यावसायिक संघटना) १२५, २५०, ५०० आणि १०००, आणि माथ्यावर चार ग्रँड स्लॅम. २०२४ पासून नावातला आकडा आणि विजेतीला मिळणारे गुण जुळवलेले आहेत: डब्ल्यू ३५ जिंकली तर ३५ गुण, डब्ल्यूटीए १२५ जिंकली तर १२५. ग्रँड स्लॅमचे मात्र २,०००. जुने निकाल चाळताना डब्ल्यू २५, ४०, ६० आणि ८० अशी नावं दिसतील, ती २०२४ च्या आधीची रचना होती.

निकालांच्या यादीत चार गोष्टींवर खूण करा. कोणत्या पृष्ठभागावर जिंकते (हार्ड, माती, गवत). तिसऱ्या सेटपर्यंत गेलेल्या सामन्यांत काय होतं. सामना अर्धवट सोडल्याच्या नोंदी किती आणि कधी. आणि एकेरी-दुहेरीचं प्रमाण.

शेवटचे दोन मुद्दे कारकिर्दीची दिशा कशी सांगतात, ते सानिया मिर्झाच्या निकालांत स्वच्छ दिसतं. तिचा जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादमध्ये. २००५ मध्ये हैदराबादलाच तिने डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद मिळवलं. भारतीय महिलेचं ते पहिलंच. त्याच वर्षी अमेरिकन ओपनची चौथी फेरी, आणि ऑगस्ट २००७ मध्ये एकेरीत जगात २७ वी. पुढच्या वर्षी मनगटाची शस्त्रक्रिया झाली, आणि तिथून एकेरीचा आलेख पुन्हा त्या उंचीवर गेला नाही. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत ती जगात पहिली झाली. फोरहँड तोच, खेळाडू तीच. फक्त दुबळी दुसरी सर्व्ह आणि कोर्ट झाकण्याचं ओझं दुहेरीत अर्ध्यावर आलं. निकालांत असा सांधा दिसला, की प्रत्यक्ष सामन्यात काय शोधायचं ते आधीच ठरवता येतं.

(भारतीय महिलांचं टेनिस सानियापासून सुरू झालं अशी समजूत असेल तर ती सोडावी. १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला लीला राव मुंबईच्याच.)

कुठे बसावं, काय न्यावं

मुंबईत व्यावसायिक महिला टेनिस जवळून पाहायचं तर चर्चगेटचं सीसीआय (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया). ब्रेबर्न स्टेडियमच्या आवारातल्या या हार्ड कोर्टांवर मुंबई ओपन ही डब्ल्यूटीए १२५ स्पर्धा २०१७ आणि २०१८ मध्ये झाली, आणि खंडानंतर २०२४ व २०२५ मध्ये. या चार वर्षांत विजेत्या चार झाल्या आणि चौघींचा खेळ चार तऱ्हांचा: अरिना सबालेंका, लुक्सिका कुमखुम, दार्या सेमेनिस्टाया आणि यिल टाइखमान. एकाच कोर्टवर किती वेगवेगळ्या रीतींनी जिंकता येतं, याचा याहून चांगला धडा शोधूनही सापडायचा नाही. मोठी स्पर्धा नसेल तेव्हा कूपरेजला एमएसएलटीएच्या (राज्य टेनिस संघटना) कोर्टांवर किंवा जिमखान्यांच्या मानांकन स्पर्धांत सराव करा. तिथे गर्दी कमी असते आणि कोर्टच्या अगदी कडेला बसता येतं.

पहिल्या सेटला बेसलाइनच्या (कोर्टची मागची रेषा) मागे, जमेल तितकं उंच बसा. सर्व्ह आणि फटके डावीकडे-उजवीकडे कुठे जातात ते इथूनच दिसतं. दुसऱ्या सेटला बाजूच्या स्टँडमध्ये, खेळाडूच्या बेसलाइनच्या रेषेत या. बॉल किती खोल पडतो, ती बेसलाइनच्या किती मागे उभी राहते, बॉल वर चढत असताना घेते की उतरताना, हे फक्त बाजूनेच कळतं. टीव्हीवरून नोंदी करणाऱ्यांचा इथेच घात होतो. कॅमेरा मागून आणि वरून असल्यामुळे बॉलची उंची व वेग दोन्ही चपटे होतात, आणि जड टॉपस्पिन (पुढे गरगरत उंच उसळणारा बॉल) साधा वाटतो.

अंतर मोजायला कोर्टवरचीच मापं वापरा. एकेरी आणि दुहेरीच्या कडांमधली पट्टी १.३७ मीटर रुंद असते. ती डोळ्यांत बसवली, की खेळाडू बेसलाइनच्या एक पट्टी मागे आहे की दोन, हे लगेच सांगता येतं. बॉल किती खोल पडला हे लिहायला तीन भाग पुरतात: सर्व्हिस बॉक्समध्ये पडलेला बॉल ‘आखूड’, सर्व्हिस लाइन ते बेसलाइन हे ५.४८५ मीटर अंतर अर्धं करून अलीकडचा भाग ‘मधला’, पलीकडचा ‘खोल’.

साहित्यात पुठ्ठ्याचं पॅड, टोपी, पाणी आणि पेन्सिल. शाईचं पेन नको. मुंबईच्या दमट हवेत तळहाताच्या घामाने दुसऱ्या सेटपर्यंत कागद निळा होतो. कागद आडवा धरा. उभ्या कागदावर रॅलीचा रकाना अपुरा पडतो. आणि एक महत्त्वाचं: गुणागणिक स्कोअर फोनवरून बाहेर कोणाला कळवत बसू नका. सट्ट्यासाठी असं करणारे लोक असतात, म्हणून आयोजक त्याकडे संशयाने पाहतात आणि स्टँडबाहेरही काढू शकतात. स्वतःच्या वहीत लिहायला कोणाची हरकत नसते.

बसल्याबरोबर वाऱ्याची आणि उन्हाची दिशा पानाच्या कोपऱ्यात बाणाने दाखवा. दक्षिण मुंबईत दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. सकाळी सरळ जाणारे लॉब तीन वाजता बाहेर पडू लागले, तर दोष खेळाडूच्या माथी मारू नये. एका विशिष्ट टोकाकडूनच टॉस चुकत असेल, तर आधी ऊन कुठे आहे ते पाहा.

नोंदीची खूणभाषा

प्रत्येक गुणाला एक ओळ आणि ओळीत सहा रकाने: गेम, स्कोअर, सर्व्ह, रॅलीची लांबी, शेवटचा फटका, शेवट कसा झाला.

सर्व्हला आधी १ किंवा २ लिहा (पहिली की दुसरी), मग जागा: ‘वा’ म्हणजे वाइड, ‘बॉ’ म्हणजे अंगावर, ‘टी’ म्हणजे मधल्या रेषेवर. डबल फॉल्टला (दोन्ही सर्व्ह चुकल्या) ‘डफ’. फटक्यांना फ, ब, स (स्लाइस, म्हणजे कापून मारलेला), व्ह (व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी घेतलेला), ड्रॉ (ड्रॉप शॉट), लॉ (लॉब). दिशा क्रॉसकोर्ट (तिरकी) असेल तर काही लिहू नका. सरळ रेषेत मारला तर फटक्यावर छोटी उभी रेघ. क्रॉसकोर्ट हा नेहमीचा मार्ग आहे: नेट मधोमध ०.९१ मीटर तर खांबापाशी १.०७ मीटर असतं, आणि तिरकं अंतरही जास्त मिळतं. म्हणून ती सरळ रेषेत कधी जाते, तेच टिपण्यासारखं.

शेवटाच्या तीन खुणा: ‘वि’ म्हणजे विनर (समोरचीला गाठताच न आलेला फटका), ‘भा’ म्हणजे समोरचीने भाग पाडलेली चूक, ‘स्व’ म्हणजे स्वतःहून केलेली चूक.

रॅली मोजताना सर्व्ह हा पहिला फटका धरा आणि चुकलेला फटकाही मोजा. आकडा विषम आला तर शेवटचा फटका सर्व्ह करणारीचा, सम आला तर रिटर्न करणारीचा. एक ओळ अशी दिसते:

४-४ / ३०-३० / २टी / ५ / फ, नेट / स्व

म्हणजे पहिली सर्व्ह चुकली, दुसरी मधल्या रेषेवर टाकली, पाचव्या फटक्यावर सर्व्ह करणारीचा फोरहँड नेटमध्ये गेला, आणि तिला तसं करायला कोणी भाग पाडलेलं नव्हतं.

ड्यूस कोर्ट की अ‍ॅड कोर्ट, हे वेगळं लिहू नका. दोघींनी जिंकलेल्या गुणांची बेरीज (१५ म्हणजे एक गुण, ३० म्हणजे दोन, ४० म्हणजे तीन) सम असेल (०-०, १५-१५, ३०-०, ४०-४० म्हणजे ड्यूस) तर सर्व्ह उजव्या बाजूने, म्हणजे ड्यूस कोर्टवरून; विषम असेल तर डाव्या बाजूने, म्हणजे अ‍ॅड कोर्टवरून. स्कोअर बरोबर लिहिला की बाजू आपोआप मिळते. उलट ओळ गाळली गेली असेल, तर ही बेरीजच चूक पकडून देते.

दोन सेटच्या सामन्यात साधारण १०० ते १३० गुण होतात. दोन गुणांमध्ये खेळाडूला २५ सेकंद मिळतात, तुमची ओळ त्यात संपली पाहिजे. नव्या माणसाला सुरुवातीला हे जमत नाही, आणि न जमणं साहजिक आहे. पहिल्या दोन सामन्यांत फक्त सर्व्हची जागा आणि गुणाचा शेवट लिहा. हात बसला की रॅलीची लांबी, मग दिशा. पहिल्याच दिवशी सगळं टिपायला गेलं की तिसऱ्या गेमला ओळी सुटतात, आणि सुटतात त्या नेमक्या लांब, रंगलेल्या रॅलींच्या, कारण तेव्हा डोळे कागदावर नसतात. मग हिशेबात ही खेळाडू ‘छोट्या रॅलींची’ भासते.

ठराविक गेमनंतर (बहुधा पहिल्या सात आणि पुढे दर नऊ) बॉल बदलले जातात, तिथे आडवी रेघ मारा. दमट हवेत लोकर फुगलेला जुना बॉल संथ जातो. नवा बॉल वेगात सुटतो. नव्या बॉलवरच्या पहिल्या सर्व्हिस गेममध्ये चुका वाढतात का, हे एवढ्याशा रेघेमुळे कळतं. रेघ नसेल, तर त्याच चुकांना ‘एकाग्रता ढळली’ असं नाव दिलं जातं.

नोंद कुठे फसते

सगळ्यात जास्त वाद ‘भा’ आणि ‘स्व’ यांत. एक ढोबळ कसोटी आहे: फटका मारताना तिचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते का, आणि बॉल तिच्या नेहमीच्या उंचीला होता का? दोन्हीला ‘हो’ असेल तरच ‘स्व’. एकालाही ‘नाही’ असेल तर ‘भा’. पहिल्या सर्व्हवर चुकलेला रिटर्न जवळजवळ नेहमी ‘भा’ धरा, दुसऱ्या सर्व्हवरचा बहुधा ‘स्व’. कसोटी थोडी चुकली तरी चालेल, पण सामन्याच्या मध्यावर बदलू नका. आवडत्या खेळाडूच्या चुकांना ‘भा’ आणि दुसरीच्या चुकांना ‘स्व’ देण्याची खोड नकळत लागते, तिच्यावर लक्ष ठेवा.

दुसरा सापळा विनरचा. विनर डोळ्यांत भरतो, पण गुण बहुधा त्याच्या दोन फटके आधी ठरलेला असतो. म्हणून प्रत्येक ‘वि’ आणि ‘भा’च्या शेजारी, जमेल तेव्हा, आधीचा फटका कंसात लिहा. ‘फ वि (ब स आखूड)’ याचा अर्थ समोरचीची बॅकहँड स्लाइस आखूड पडली आणि मग फोरहँड बसला. अशा पंधरा ओळी जमल्या, की तिचा फोरहँड ‘जबरदस्त’ आहे की तिला आखूड बॉल भरपूर मिळतात, हे वेगळं करता येतं.

तिसरी गफलत पुरुषांच्या टेनिसवरून आलेल्या सवयीची. महिलांच्या टेनिसमध्ये सर्व्हिस जास्त वेळा मोडली जाते, म्हणजे सर्व्ह करणारीचा गेम समोरची जिंकते (ब्रेक). दुसऱ्या सर्व्हवर सर्व्ह करणारी निम्म्याहून कमी गुण जिंकली, तर त्यात नवल काही नाही. एक ब्रेक गेला म्हणून ‘कोसळली’ असं लिहू नका. लगेच पुढच्या गेमला ब्रेक परत घेतला का, ते पाहा. शैलीचा निम्मा अर्क इथे रिटर्नमध्येच असतो.

सर्व्ह आणि रिटर्न

सामना संपल्यावर चार चौकटी काढा: ड्यूस-पहिली, ड्यूस-दुसरी, अ‍ॅड-पहिली, अ‍ॅड-दुसरी. प्रत्येकीत वा, बॉ, टी यांची मोजणी भरा. बहुतेक खेळाडूंची पहिली सर्व्ह बऱ्यापैकी वाटलेली दिसते. दुसरी मात्र एकाच जागी साचते, बहुधा समोरचीच्या बॅकहँडवर. साचली आहे एवढं पुरेसं नाही. ती तिथे पडणार हे ओळखून समोरची आधीच सरकली तर काय होतं, त्याच्या ओळी शोधा.

टॉस पाहायला दोन गेम राखून ठेवा, त्यात बाकी काही लिहू नका. उजव्या हाताची खेळाडू बॉल उजवीकडे उडवत असेल तर स्लाइस, डोक्यावर किंवा किंचित डावीकडे उडवत असेल तर किक (उंच उसळणारी सर्व्ह) येण्याची शक्यता जास्त. टॉसवरून जागा आधी कळते का, यावर रिटर्न करणारीचं निम्मं काम अवलंबून असतं.

डावखुऱ्या खेळाडूसाठी नकाशा उलटा करा. २०२५ ची विजेती टाइखमान डावखुरी आहे. अशा खेळाडूची अ‍ॅड कोर्टवरून वाइड जाणारी स्लाइस उजव्या हाताच्या मुलीला बॅकहँडवर कोर्टबाहेर खेचते. त्यात ३०-४० आणि अ‍ॅडव्हान्टेज हे दोन्ही गुण अ‍ॅड कोर्टवरूनच खेळले जातात, म्हणजे डावखुरीचं सर्वांत चांगलं हत्यार नेमकं ब्रेक पॉइंटला हाताशी येतं. तिची अ‍ॅड-पहिली ही चौकट सगळ्यात आधी भरा.

रिटर्नसाठी एकच रकाना वाढवा: ती कुठे उभी होती. बेसलाइनच्या आत ‘आ’, रेषेवर ‘रे’, मागे असेल तर पट्ट्यांचा आकडा. पहिल्या सर्व्हला दोन पट्ट्या मागे आणि दुसरीला ‘आ’ असं चित्र असेल तर खेळाडू आक्रमक. दोन्हीला एकच जागा असेल, तर ती टेबलावर येईल ते खाणारी; तिला फसवायला वेग नको, जागा बदलत राहणं पुरे.

अंगाची ठेवण आणि तिची किंमत

स्टँडमधून ग्रिप (रॅकेटवरची पकड) स्पष्ट दिसत नाही, आणि ती ओळखण्याची गरजही नाही. फोरहँड कोणत्या उंचीला सर्वांत चांगला बसतो ते बघा. खांद्याच्या आसपास बसत असेल तर हात रॅकेटच्या बराच खाली वळलेला असतो, त्यामुळे भरपूर टॉपस्पिन मिळतो. इगा श्विआँतेक हे त्याचं ठळक उदाहरण. अशा खेळाडूला घोट्याच्या उंचीची स्लाइस आणि वेगाने अंगावर येणारा सपाट बॉल त्रास देतात. कमरेच्या उंचीला बसत असेल तर फटका सपाट, आणि उंच उसळणारा बॉल तिची दुखरी जागा.

२०१८ ची विजेती कुमखुम फोरहँडही दोन हातांनी मारते. ताकद आणि दिशा लपवणं यांत फायदा, पण हात एक वीत तरी कमी पोहोचतो, म्हणून बाजूला पळावं जास्त लागतं. अशा खेळाडूच्या नोंदीत ‘एक हात सोडून मारला’ अशी वेगळी खूण हवी. त्या खुणा तिसऱ्या सेटमध्ये वाढल्या, तर पाय थकल्याचा तो पहिला पुरावा.

पायांचं काम पाहताना बॉलकडे पाहू नका. एक पूर्ण गेम फक्त एकीच्याच पायांवर नजर ठेवा. समोरची फटका मारते त्या क्षणी ती छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर येते का? फटक्यानंतर मधोमध परतते की अर्ध्यावर थांबते? बॅकहँडच्या कोपऱ्यातून पळत येऊन फोरहँड मारला, तर मोकळा पडलेला उजवा कोपरा कोण झाकतो? एक गेम पहिल्या सेटच्या सुरुवातीला आणि एक दुसऱ्याच्या शेवटी, एवढी तुलना पुरे. सामन्याआधीच्या चार-पाच मिनिटांच्या वॉर्म-अपवरून मात्र फार काही ठरवू नका. तिथे सगळ्याच सुंदर खेळतात.

दबावाचे गुण

नोंदीचं खरं सोनं इथे आहे. ब्रेक पॉइंट एका सामन्यात जेमतेम सहा-बारा येतात, तेवढ्यावर निष्कर्ष काढणं धोक्याचं. म्हणून ३०-३०, ड्यूस, ३०-४०, ४०-३०, अ‍ॅडव्हान्टेज आणि टायब्रेकचे सगळे गुण एका रंगाने अधोरेखित करा. तीस-चाळीस ओळी सहज मिळतात. त्या बाजूला काढून बाकीच्या गुणांशी ताडून पाहा. पहिल्या सर्व्हची आवडती जागा बदलली का? रॅली लांबली का? सरळ रेषेतले फटके वाढले की गायब झाले?

इथे खेळाडूंचे साधारण दोन स्वभाव दिसतात. एक मोठा फटका लवकर मारून मोकळी होते, दुसरी चूक समोरचीकडून होण्याची वाट पाहते. दोन्ही जिंकतात. सर्वसाधारण गुणांवर दोघी सारख्या वाटू शकतात, म्हणून नुसत्या एकूण आकडेवारीत हा फरक बुडून जातो.

आता कोर्टबाहेरून कोचिंगला परवानगी आहे. कोच कोणत्या कोपऱ्यात बसला आहे ते हेरा. त्या टोकाला खेळताना तो काही बोलला की ओळीत फुली मारा, आणि पुढच्या दोन सर्व्हिस गेममध्ये काय बदललं ते बघा. बाजू बदलतानाचे ९० सेकंद मात्र फोनवर घालवू नका. गाळलेल्या ओळी भरायची तीच वेळ.

दुहेरी असेल तर

दुहेरीत रॅलीची लांबी जवळपास निरुपयोगी. त्याऐवजी तीन गोष्टी: कोण कोणत्या बाजूने रिटर्न करते, नेटवरची खेळाडू मधे कापायला केव्हा निघते, आणि पहिली व्हॉली कोणाच्या पायांशी पडते. सानिया आणि मार्टिना हिंगिस या जोडीत सानिया ड्यूस कोर्टवर असायची, फोरहँड मोकळा राहील अशी. हिंगिस अ‍ॅड कोर्टवर आणि नेटवर चाणाक्ष. ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या काळात ही जोडी सलग ४१ सामने जिंकली.

सरावासाठी २०१५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याचा तिसरा सेट मिळवून नोंदवा. मकारोवा-वेस्निना ५-२ ने पुढे होत्या. सानिया-हिंगिसने ५-५ केलं, मग अंधारामुळे छत बंद करावं लागलं, आणि सेट ७-५ असा यांच्याकडे आला. २-५ पासून ५-५ पर्यंत रिटर्न कुठे जात होते आणि नेटवर कोण पुढे निघत होतं, एवढेच दोन रकाने भरा. थांबवून, मागे नेऊन पाहता येतं, म्हणून हात बसवायला असा रेकॉर्ड केलेला सामनाच बरा.

वहीतून अहवाल

घरी आल्यावर त्याच रात्री मोजणी करा. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच अक्षरं लागत नाहीत. अहवाल अर्ध्या पानाच्या वर जाऊ देऊ नका आणि प्रत्येक वाक्यामागे आकडा असू द्या. नमुना असा (आकडे काल्पनिक):

‘दुसरी सर्व्ह, अ‍ॅड कोर्ट: १४ पैकी ११ बॅकहँडला, हळू. दबावाच्या ३४ गुणांत फोरहँड सरळ रेषेत फक्त २ वेळा; एरवी दर गेमला एकदा तरी. उंच बॉलवर बॅकहँड एक पट्टी मागे सरकून, पडतो मधल्या भागात. नव्या बॉलवर पहिल्या गेममध्ये ३ डबल फॉल्ट. दुसऱ्या सेटच्या शेवटी मधोमध परतणं सुटलं.’

दहापेक्षा कमी ओळींवर उभी असलेली कोणतीही गोष्ट वेगळ्या परिच्छेदात ‘तपासायचं’ या नावाखाली टाका. ती पुढच्या सामन्यात पुन्हा दिसली तरच वर घ्या. मुलीला देताना पूर्ण अहवाल देऊ नका. कोचने त्यातल्या दोन सूचना निवडाव्यात, एक सर्व्हसाठी आणि एक रिटर्नसाठी. सहा सूचना घेऊन कोर्टवर गेलेली मुलगी पहिल्या गेमला विचार करत बसते आणि पाय हलत नाहीत.

आणि प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, पृष्ठभाग व हवा टाका. सबालेंकाने २०१७ ला सीसीआयवर अंतिम सामन्यात दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. २०२२ च्या सुरुवातीला अ‍ॅडलेडला तिची सर्व्ह इतकी विस्कटली, की एका सामन्यात २१ डबल फॉल्ट झाले. मग तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञाबरोबर सर्व्हची मांडणी नव्याने केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये रिबाकिनाला ४-६, ६-३, ६-४ असं नमवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. ‘दुसरी सर्व्ह मोडते, दाब ठेवा’ असं २०२२ च्या जानेवारीत लिहिलेलं पान घेऊन त्या सामन्याला कोणी बसलं असतं, तर त्यावर काट मारावी लागली असती. सहा महिन्यांपेक्षा जुनं पान सोबत न्यायला हरकत नाही, पण पहिले चार सर्व्हिस गेम त्यातल्या ओळी खऱ्या ठरतात का, एवढंच तपासण्यासाठी ठेवा.